अण्णांचा होकार

बनशंकरीतली ती वरची खोली बघायला गेले तेव्हा मी माझ्या सगळ्या अटी एका दमात सांगून टाकल्या होत्या. न्हाणीघर वेगळं हवं, इंजिनिअरची नोकरी, यायला उशीर झाला तर फाटकाला आतून कुलूप नको, गच्चीवर कुंड्या ठेवीन, आणि नाशिकहून आई आली की महिनाभर तरी राहील. घरमालक समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून प्रत्येक अटीला मान डोलावत होते. इतक्या प्रेमानं डोलावत होते की मी मनातल्या मनात पलंग कुठल्या भिंतीला लावायचा तेही ठरवून टाकलं. माझं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "सरी, बरं. ह्यातलं एकपण जमत नाही."

पुढे सगळंच जमलं. आठवड्याभरात न्हाणीघर झालं, फाटकाची किल्ली मिळाली, आणि आई आली तेव्हा तिला परत पाठवताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पहिल्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती म्हणजे ह्या माणसाच्या मान डोलावण्यावर विसंबून काही करायचं नाही. समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय, एवढंच त्या मानेचं म्हणणं असे. पटण्याचा विषय वेगळा होता, आणि तो अण्णांच्या आयुष्यात सहसा निघत नसे.

त्यांना सगळे अण्णाच म्हणत. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपूर्वी बंगलोरात येऊन स्थिरावलेलं. पेठेत त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली करून अण्णा राजकारणावर बोलायला मोकळे झाले होते. एका कन्नड सायंदैनिकात त्यांचं अधूनमधून काही छापून येई. फाटकावरच्या पाटीवर त्यांनी नावाखाली 'राजकीय भाष्यकार' असं कन्नडमध्ये रंगवून घेतलं होतं. आमच्या पोस्टमनला ती काहीतरी डॉक्टरकीची पदवी वाटे, आणि तो त्यांना आपल्या कंबरदुखीबद्दल विचारत असे. अण्णा त्यालाही सल्ला देत.

नळ गळतोय म्हणून सांगायला गेलं तर नळ गळत नाही, घाम येतोय, इथून सुरुवात होई. मग गळणं आणि ठिबकणं ह्यांतला फरक सांगून होई. मग पाना घेऊन ते स्वतः जिना चढत आणि नळ दुरुस्त करून देत, पण तो गळत होता हे शेवटपर्यंत कबूल करत नसत. देवळात गेले की पुजाऱ्याशी तिथीवरून, घरी आले की अक्कांशी आमटीवरून वाद. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांनी ह्या सगळ्यावर एक उपाय शोधला होता: त्या हवं असेल त्याच्या उलट बोलत. भाजी आणून हवी असली की म्हणत, आज बाजारात जाऊ नका, ऊन आहे. अण्णा पिशवी घेऊन निघालेच म्हणून समजावं.

टीव्हीवर कुणा पुढाऱ्याचं भाषण लागलं की अण्णा उठून आवाज बंद करत. शब्द दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेले असतात, हात मात्र माणसाचे स्वतःचे असतात, असं त्यांचं म्हणणं. मग आवाजाशिवाय त्या माणसाकडे टक लावून बघत आणि थोड्या वेळानं निकाल देत, हा पक्ष सोडणार, हा टिकणार, ह्याचं पोट बिघडलंय. यातलं कधी काही खरं ठरलं की चार दिवस गल्लीत त्याचीच चर्चा. खोटं ठरलं तर त्या पुढाऱ्याचं चुकलं असे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चष्मा काढला की अण्णांना ऐकू येत नसे. मी थट्टा करत नाही. नजरेचा आणि कानांचा काय संबंध, म्हणून डॉक्टरांनीही कपाळाला हात लावला होता. पण वाद रंगात आला असताना समोरच्याचं म्हणणं ऐकायचंच नाही असं ठरलं की अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसत. मग घर कोसळलं तरी त्यांना पत्ता लागत नसे. घरातले लोक हे ओळखून होते, आणि चष्मा परत नाकावर चढेपर्यंत गप्प बसत.

अण्णांचे एकुलते एक मित्र आणि रोजचे विरोधक म्हणजे मास्तर. ते साताऱ्याकडचे, तरुणपणीच इथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आले आणि इथंच निवृत्त झाले. पत्नी गेल्यापासून एकटे राहत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोज सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजे आणि मास्तर येऊन व्हरांड्यातल्या दुसऱ्या खुर्चीत बसत. बसताना एखादं वाक्य टाकत, सरकार पडेल असं, नाहीतर सरकार पडणार नाही असं, कुठलंही. त्यावर अण्णा तुटून पडत आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दोघांचे आवाज कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जात.

जेवणाच्या वेळी मास्तर उठत. मग अक्का बाहेर येऊन म्हणत, ताटं मांडलीत. मास्तर दोनदा नको म्हणत आणि पाय धुवायला मागच्या नळावर जात. ह्यावरून अण्णांची कायमची कुरकुर. येईल त्याच्यापुढं ते म्हणत, मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडं आहे, पण त्यांच्या पोटाला ते माहीत नाही. हे ते मास्तरांच्या देखत म्हणत, पाहुण्यांना सांगत, दूधवालीला सांगत. मास्तर घासाबरोबर तेही गिळत आणि आणखी थोडं सार मागून घेत.

केबल नुकती घरोघर आली होती. आमच्या भागातल्या केबलवाल्याकडे एक वाहिनी रिकामी पडून होती. तिच्यावर तो एरवी गणपतीची आरती आणि सराफाच्या जाहिराती लावी. त्याला कुणीतरी सुचवलं, की ह्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण सगळा वॉर्ड फुकट ऐकतोच आहे, ते दाखवलं तर काय बिघडतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अण्णा आणि मास्तर पडद्यावर दिसू लागले. चित्रण आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच होई. कॅमेरा चालू असेपर्यंत दोघे कन्नडमध्ये बोलत आणि एकमेकांना 'सार्' म्हणत. कॅमेरा बंद झाला की मराठीत अरे-तुरे सुरू. मधेच अक्कांच्या कुकरची शिटी होई, तीही कार्यक्रमात जाई. गल्लीत पोरं त्याला कुकरचा कार्यक्रमच म्हणत.

चित्रण करणारा माणूस लग्नांची व्हिडिओ कॅसेट बनवणारा होता. मनानं फार चांगला, कामात वाघ, पण त्याला माहीत असलेलं काम एकच. एकदा त्यानं मास्तरांना गुलाबाच्या फुलात बसवलं होतं. राज्यपालांच्या अधिकारांवर मास्तर पाकळ्यांच्या मधोमध बोलत राहिले. त्याच्याजवळ कॅमेरा एकच, त्यामुळे जो बोलतोय तोच दिसायचा. ऐकणारा माणूस दाखवायचा तर त्याची वेगळी चित्रं आधी घेऊन ठेवावी लागत. दिवे लावता लावता तो कॅमेरा चालूच ठेवी, कुणी बघतंय, कुणी हसतंय, कुणी मान हलवतंय, असं सगळं गोळा करी, आणि मग दुकानात दोन यंत्रं जोडून हवं तिथं हवं ते बसवी. लग्नात मुलीच्या मामानं आशीर्वाद दिला की लगेच मुलाचे आजोबा मान डोलावताना दिसले पाहिजेत, हा त्याच्या धंद्यातला नियम. आजोबा खरं तर कधी कशावर मान डोलावत होते, हे कोण विचारतं.

ह्याच सुमारास केरेचं प्रकरण निघालं. केरे म्हणजे तळं. आमच्या वस्तीच्या टोकाला एक जुनं तळं होतं. त्याच्या एका काठाला गाळ आणि शेवाळ, दुसऱ्या काठाला अजून थोडं पाणी आणि बगळे. ते भरून काढून तिथं बस स्टँड करायचा बेत होता, आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी तो उचलून धरला होता. अण्णांनी विरोधात समिती काढली. दारोदार फिरले. लहानपणी त्या तळ्यात पोहायला शिकले होते म्हणून असेल, पण ह्या एका गोष्टीसाठी ते खरोखर झटताना मी पाहिले. एरवी ते बोलण्यासाठी बोलत. ह्या वेळी बोलताना त्यांचा आवाज खाली येई.

मास्तर अर्थात उलट बाजूला. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचे गुडघे दुखत, आणि बसची वाट बघत हमरस्त्यावर धूळ खात उभ्या राहणाऱ्या बायका, पोरं त्यांना रोज दिसत. त्या रविवारच्या कार्यक्रमाच्या चित्रणात ते म्हणाले, हे तळं आता नावालाच तळं आहे, भरून टाका आणि माणसांना बसायला सावली द्या. त्यावर अण्णा जे सुरू झाले ते कुकरच्या सगळ्या शिट्या होऊन गेल्या तरी थांबले नाहीत. मी दारात उभी राहून ऐकत होते. इतकं चांगलं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तळ्याखाली कुठल्या विहिरींना पाणी उतरतं इथपासून ते बगळे कुठे जातील इथपर्यंत.

रविवारी सगळा वॉर्ड टीव्हीपुढे बसला. मास्तर म्हणाले, भरून टाका, माणसांना सावली द्या. आणि लगेच पडद्यावर अण्णा आले. चष्मा नाही, चेहराभर हसू, डोळे मिटलेले, आणि मान अशी डोलतेय की बघणाऱ्यालाही डोलवावीशी वाटावी. मग वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि सराफाची जाहिरात लागली. अण्णांचं सगळं उत्तर गायब.

आमच्या पुढच्या खोलीत अण्णा सराफाच्या जाहिरातीकडेच बघत राहिले.

सोमवारपासून नगरसेवकांच्या कचेरीत रस्त्याकडे तोंड करून एक टीव्ही लावला गेला. त्यावर तेवढाच तुकडा पुनःपुन्हा दाखवत. समितीचा अध्यक्षच मान डोलावतोय म्हटल्यावर समितीतले लोक काढता पाय घेऊ लागले. दूधवालीनं विचारलं, अण्णा, तुम्हीसुद्धा? शिव्या खाल्ल्या असत्या तर अण्णांना चाललं असतं, त्यांची सवय होती. पण रस्त्यात लोक थांबवून त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, बरं केलंत सार्, म्हातारपणी माणसानं समजूतदार व्हावं. हे त्यांच्या जिव्हारी लागे. आयुष्यभर ज्यानं पुढाऱ्यांना आवाज बंद करून पारखलं, त्याला आता सगळा वॉर्ड तसाच पारखत होता.

व्हिडिओवाल्याला रविवारीच बोलावणं गेलं होतं. तो हसतमुखानं आला, कारण त्याच्या मते ती कॅसेट फार छान झाली होती. उत्तर का कापलं, तर वेळ संपली होती आणि सराफानं पैसे भरले होते. मान का बसवली, तर मोठं माणूस बोलल्यावर दुसऱ्या मोठ्या माणसाची मान दाखवावीच लागते, कुठल्याही लग्नात विचारा. आणि हीच मान का, असं अण्णांनी विचारल्यावर तो मनापासून म्हणाला, "सार्, इतके रविवार झाले, तुम्ही असे एकदाच हसलात. ते मी वाया कसं घालवू?"

अण्णांनी चष्मा काढला. मुलाखत संपली.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण अण्णांना त्या माणसाचा साधेपणा पटेना. चित्रणाच्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तर त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले होते, हे त्यांना आठवलं. औषधाच्या दुकानापर्यंत जायचं म्हणून बसले होते, पण सुतावरून स्वर्ग गाठायला अण्णांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फाटक वाजलं तेव्हा ते खुर्चीतून उठून पायरीवर येऊन उभे होते. मास्तरांच्या हातात म्हैसूरपाकाचा पुडा होता.

"टेप तू कापायला लावलास," अण्णा म्हणाले. "आणि वर, बसायला दे म्हणून फाटक वाजवतोस."

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा मी जिन्यावरून बघत होते, तो अजून आठवतो. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तोंडानं भांडलास तरी आतून तुला पटलं. इतक्या वर्षांत एकदा वाटलं की ह्याला माझं काहीतरी पटलं, म्हणून हे घेऊन आलो. आणि तू मला चोर म्हणतोस."

पुडा त्यांनी कट्ट्यावर ठेवला आणि गेले. तो पुडा कुणी उघडला नाही. संध्याकाळी अक्कांनी तो मुंग्यांसकट उचलून नेला.

त्याच संध्याकाळी अक्कांनी मला ती मान कुठून आली ते सांगितलं. चित्रणाच्या आधी दिवे लागत होते, मास्तर मागच्या नळावर होते, अण्णा चष्मा पुसत बसले होते. अक्कांनी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना हातानंच विचारलं, मास्तरांना जेवायला थांबवू ना? घरात बिसी बेळे भात केला होता, आणि तो मास्तरांच्या फार आवडीचा. त्यावर अण्णा तसे हसले होते. चष्मा नव्हता, तरी अक्कांचा हात त्यांना बरोबर दिसला होता.

मी म्हटलं, मग हे लोकांना सांगून टाका की, एका वाक्यात सगळं मिटेल. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं, पण पलीकडच्या खोलीतून अण्णांनी ऐकलं होतं. ते दारात आले. "इंजिनिअरबाई, तोंडातून काढायचं नाही. मी सगळ्या वॉर्डाला काय म्हणून सांगू? मास्तर जेवायला थांबणार म्हणून हसलो?" ते इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. तळं जाईल, समिती मोडेल, नाव जाईल, हे सगळं त्यांना सोसवणार होतं. पण वर्षानुवर्षं ज्याच्या जेवणावरून कुरकुर केली, त्याला थांबवून घेण्यात आपल्याला इतका आनंद होतो, हे कुणाला कळणं त्यांना सोसवणार नव्हतं. मास्तरांना तर मुळीच नाही. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

केबलवाल्यानं मधला मार्ग म्हणून एका रविवारी अण्णा, एका रविवारी मास्तर असं ठरवलं. दोन्ही कार्यक्रम वाईट झाले. मास्तर एकटे बोलायला लागले की वर्गात शिकवत, आणि प्रेक्षक वर्गात झोपतात तसे झोपत. अण्णांची गत त्याहून वाईट. ते एक वाक्य बोलत आणि थांबत, डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. कुणी खोडून काढेना, मग पुढं काय बोलायचं ते सुचेना. व्हिडिओवाल्यानं आपल्या परीनं मदत म्हणून अशा जागी फुलं टाकली.

जेवताना अण्णा घाईनं जेवत आणि साराला नावं ठेवत. मास्तर आता दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, खाऊन घेतात, अशी बातमी इस्त्रीवाल्याकडून आली. दुखऱ्या गुडघ्यांनी उभे राहून इडली खातात हे ऐकल्यावर अक्कांनी एक डबा भरून माझ्या हाती दिला. मी तो घेऊन फाटकाकडे निघाले तर अण्णा व्हरांड्यात बसलेले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मी जाऊन आले तरी ते पुसतच होते.

मग तो हरकतींचा दिवस आला. बस स्टँडबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला अधिकारी येणार होते. शाळेच्या सभागृहात गर्दी झाली. अण्णा ठेवणीतला कोट घालून आले होते. अक्का आणि मी बायकांच्या बाजूला बसलो. अण्णांचं बोलणं सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल नसेल, नगरसेवकांच्या माणसांनी एका टेबलावर टीव्ही ठेवून पुढं आणला, खाली व्हिडिओ जोडलेला. आधी हे बघा, मग त्यांचं ऐका, असं म्हणून त्यांनी तो तुकडा लावला. भरून टाका, माणसांना सावली द्या. आणि अण्णांची हसरी मान.

सभागृह हसलं. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, हे तुम्हीच ना? अण्णा म्हणाले, मीच. पण ही मान त्या बोलण्यावर नाही, दुसरीकडची आणून बसवली आहे. चष्मा नाही ते बघा, चष्मा नसला की मला ऐकू येत नाही. ह्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. अधिकाऱ्यांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, बरं, मग तुम्ही कशाला मान डोलावत होता ते सांगा, म्हणजे विषय संपला.

अक्कांनी माझा हात धरला, तो चांगलाच गच्च धरला.

"ते मी सांगणार नाही," अण्णा म्हणाले.

पुन्हा हशा झाला, आणि तो संपायच्या आत मागच्या बाकावरून मास्तर उठले. ते आल्याचं आम्हांला ठाऊक नव्हतं. गुडघे धरत ते पुढं आले आणि आपल्या पुस्तकी कन्नडमध्ये बोलू लागले. ते म्हणाले, मी स्टँडच्या बाजूचा आहे. स्टँड व्हावं. पण हे चित्र खोटं आहे. ह्या माणसाला मी उभं आयुष्य ओळखतो. ह्यानं मला कधीही, कशालाही होकार दिलेला नाही. देणारही नाही. हट्टी आहे, तोंडाचा फटकळ आहे, माझ्यावर चोरीचा आळ घेतलाय, पण लबाड नाही. त्याचं उत्तर कापलं गेलं आहे, ते मी समोर बसून ऐकलं होतं. मला पटलं नाही, पण ते तुम्ही ऐकायला हवं.

अण्णांचं काम झालं होतं. त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं आणि मग बगळ्यांबद्दल बोलायचं होतं. पण मास्तरांचं वाक्य, तेही भर सभेत, न खोडता सोडून देणं त्या माणसाला कसं जमणार.

"सुळ्ळु," अण्णा म्हणाले. कन्नडमध्ये खोटं. "मास्तर खोटं सांगतात. ही मान होकाराचीच आहे."

नगरसेवकांची माणसं टाळ्या वाजवायला उठली. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मास्तरांकडे वळले होते, आणि कन्नड सुटून मराठीवर आले होते. "तू नळावर गेला होतास. हिनं मला विचारलं, मास्तरांना जेवायला थांबवू का म्हणून. मी मान हलवलो. ती रोज विचारते आणि मी रोज हलवतो. तुला काय वाटलं, ताटं तीन कुणाच्या सांगण्यावरून मांडतात?"

मराठी कळणारे तिथं मोजकेच होते. बाकीच्यांना कळलं नाही, पण आता कुणी हसलं नाही. मास्तर उभेच होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "मग दूधवालीला काय ते माझ्या पोटाबद्दल सांगत फिरतोस?"

"ते पण खरं आहे," अण्णा म्हणाले.

अक्का बसल्या जागी रडत होत्या आणि हसतही होत्या. अधिकाऱ्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, काय म्हणाले? त्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, जेवणाचं काहीतरी आहे सार्. अधिकाऱ्यांनी तेवढं ऐकून घेतलं आणि अण्णांना पुढं बोलायला सांगितलं. अण्णा बोलले, आणि छान बोलले. मधेमधे मास्तर खोडून काढत होते म्हणूनच इतकं छान बोलले, असं माझं मत आहे. त्या दिवशी आम्हांला जेवायला तीन वाजले.

तळं काही वाचलं नाही. वर्षभरानं तिथं मुरुमाचे ट्रक आले आणि नंतर सिमेंटचं छप्पर, बाकडी, घड्याळ असं सगळं असलेलं स्टँड उभं राहिलं. लोकांची सोय झाली हे खोटं नाही. मीही रोज तिथूनच बस धरत असे. अण्णा मात्र त्या छपराखाली कधी गेले नाहीत. पेठेत जायचं असलं तरी ते भर उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात, आणि त्यांच्या बरोबरीनं गुडघे धरत, दर चार पावलांवर थांबत, त्यांना मूर्ख म्हणत मास्तर चालत.

एकदा मी मास्तरांना विचारलंच. स्टँड व्हावं म्हणून तुम्ही एवढे भांडलात, मग तुम्ही तरी तिथून का चढत नाही?

मास्तर म्हणाले, "मला स्टँड पसंत आहे हो. पण पुढच्या थांब्यापर्यंत तो एकटा चालत गेला, तर वाटेत भांडेल कुणाशी?"